रिकाम्या भांड्यावरचे शूर

मिक्सर घ्यायला आलेल्या माणसाला दुकानदार एकच प्रश्न विचारतो, "किती वॅटचा दाखवू?" घरात वाटण कोण करतं, किती माणसांचं करतं, नारळ रोज फुटतो की फक्त चतुर्थीला, इडली दर रविवारी असते की पाहुणे आल्यावर, यातलं काही तो विचारत नाही. आपल्यालाही त्यात गैर वाटत नाही, कारण उत्तर घरूनच तयार करून आणलेलं असतं. शेजारी ५०० चा असेल तर आपल्याला ७५० चा, शेजारी ७५० चा असेल तर १००० चा. मग तो शोकेसमधला एक काढतो, काउंटरवर ठेवतो, त्यावर रिकामं भांडं चढवतो आणि बटण थेट तीनवर नेतो. पावतीपुस्तक थरथरतं, शेजारी मांडलेल्या इस्त्र्या किणकिणतात, फुटपाथवरून जाणारा माणूस वळून बघतो. "बघा ताई, पॉवर!" आपण मान डोलावतो. रिकाम्या भांड्यावर सगळेच मिक्सर शूर असतात. त्यांची खरी गाठ पडते ती चार हिरव्या मिरच्या, पेरभर आलं आणि मूठभर ओल्या खोबऱ्याशी, आणि ती गाठ घालून देण्याची सोय कुठल्याच दुकानात नसते.

वॅटचा आकडा मोटर वीज किती खाते ते सांगतो; वाटते किती, ते नाही. जास्त खाणारा जास्त राबतो असं माणसांच्या बाबतीतही फारसं पाहण्यात नाही. घरगुती मिक्सरची मोटर बहुतेक एकाच जातीची असते. कार्बनच्या दोन ब्रशांमधून तिला वीज मिळते आणि भांड्यात काही नसेल तर ती मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे सहज घेते. भांड्यात ऐवज पडला की फेरे कमी होतात, आणि किती कमी होतात यावर मोटरची खरी लायकी कळते. हळकुंडं कुटायची, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या दळायच्या, किंवा भिजलेली डाळ किलोनं वाटायची तर ७५० वॅट कामाला येतात, हे मान्य. पण चौघांच्या घरातल्या रोजच्या वाटणाला ५०० पुरतात. चौघांच्या घरातला १००० वॅटचा मिक्सर मुख्यतः पाहुण्यांना सांगायच्या कामी येतो.

वॅटपेक्षा कामाचा मजकूर मिक्सर उलटा केला की बुडाशी चिकटवलेला सापडतो. पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद, असा काहीसा हिशेब तिथं बारीक अक्षरात लिहिलेला असतो. म्हणजे हे यंत्र दमतं, आणि आपण दमतो हे ते लेखी कबूल करतं. दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत हा मजकूर कुणी वाचत नाही. मग मिक्सर अचानक गप्प होतो, घरात "जळला, जळला" असा ओरडा होतो, आणि कोपऱ्यावरचा रिपेअरवाला येऊन बुडाशी असलेलं लाल बटण बोटानं दाबून मिक्सर पुन्हा सुरू करतो. तेवढ्याचे पैसे घ्यायला त्यालाही संकोच वाटतो, पण तो आवरतो.

आमच्या घरी नवा मिक्सर घ्यायचा ठरलं तेव्हा रीतसर समिती बसली. नवऱ्यानं लॅपटॉपवर तक्ता केला. वॅट, किंमत, मोटरची वॉरंटी, आवाज आणि तारे. तारे म्हणजे अनोळखी लोकांनी दिलेले. मुलाचं म्हणणं एवढंच होतं की काळा घ्या, पांढरा जुनाट दिसतो. सासऱ्यांना कंपनी देशी हवी होती आणि शक्यतो त्यांच्या तरुणपणी अस्तित्वात असलेली. सासूबाई आत गवार निवडत बसल्या होत्या. तिथूनच त्या म्हणाल्या, "झाकण बघा म्हणावं." ते कुणाच्या कानावर गेलं नाही, कारण त्या वेळी मोटरची वॉरंटी दोन वर्षांची बरी की पाच वर्षांची, यावर चर्चा रंगली होती. त्या चर्चेत भाग घेणाऱ्यांपैकी एकानंही साधी जिऱ्याची पूड कधी केलेली नव्हती. कुठल्याही घरात बघा, मिक्सर निवडणारे आणि मिक्सर चालवणारे हे दोन वेगळे पक्ष असतात, आणि बहुमत नेहमी पहिल्या पक्षाकडे असतं.

झाकणाचं महत्त्व कळायला एकदा गरम वाटण उडालेलं पाहावं लागतं. कांदा-खोबरं खरपूस भाजलंय, मंडळी जेवायला खोळंबलीत, गार व्हायला वेळ नाही, म्हणून ते तसंच वाफाळतं भांड्यात ओतलं आणि बटण फिरवलं, की आत कोंडलेली वाफ पहिला रस्ता झाकणाचाच धरते. माझ्या माहेरच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या बरोबर वर, छताला, तांबूस शिंतोड्यांचं एक नक्षत्र होतं. रंगाचे दोन हात देऊनही ते पुसटसं दिसायचंच. रंगारी प्रत्येक वेळी गळती आहे का म्हणून विचारायचा. दाबून बसणारं झाकण, त्याच्या कडेला नीट बसलेली रबराची चकती, आणि हात ठेवायला पुरेशी जागा. सासूबाईंना हे हवं होतं. तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

या यंत्राचं मूळ पाहिलं की त्याच्या बऱ्याच खोडी समजतात. ते आपल्यासाठी जन्मलेलंच नव्हतं. भांड्याच्या तळाशी फिरतं पातं बसवण्याची युक्ती १९२२ मध्ये स्टीफन पोप्लॉव्स्की यांनी काढली. हे गृहस्थ अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावचे, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे होतं दुधात माल्टची पूड घुसळून विकायचं पेय. पुढे १९३७ मध्ये फ्रेड वेअरिंग या वाद्यवृंदवाल्यानं असा एक ब्लेंडर बाजारात आणला. त्याचा बँड तिकडे चांगलाच गाजलेला होता, त्यामुळे ब्लेंडरही गाजला. हॉटेलांत तो मुख्यतः कॉकटेल बनवायला वापरला जाई. पोलिओच्या लशीवर काम करताना जोनास साल्क यांनीही तो वापरला, ही त्याची सर्वांत पुण्याची कमाई. पण दूध, बर्फ, फळं आणि दारू यांच्या पलीकडे त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं. हळकुंड, राळ्याएवढे मोहरीचे दाणे, भिजवलेले उडीद, सुकी ब्याडगी मिरची यांची त्याला कल्पनाच नव्हती. कल्पना आली तेव्हा तो जळला.

कुणाच्या घरी जळला हेही आपल्याला माहीत आहे. माधुरी माथुर यांच्याकडे परदेशी बनावटीचा मिक्सर होता. आपल्याकडच्या वाटणानं त्यानं मान टाकली आणि दुरुस्तीची धड सोय नव्हती. त्यांचे यजमान सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये अभियंते होते. बायकोच्या स्वयंपाकघरातलं हे गाऱ्हाणं त्यांनी मनावर घेतलं आणि त्यातून १९६० च्या दशकात सुमीत मिक्सरची कल्पना निघाली. मोटर दणकट, भांडं स्टीलचं, पाती वेगवेगळ्या कामांना वेगवेगळी. मला या हकिगतीत एक गोष्ट फार आवडते. इतर नवरे अशा वेळी "बघतो" म्हणतात. पुढे एक-दोन पिढ्यांच्या तोंडी मिक्सर म्हणजे सुमीतच होता. रुखवतात तो मांडला जाई, आणि रुखवत बघायला आलेल्या बायका लाडवांच्या मनोऱ्याकडे न बघता त्याच्याबरोबर भांडी किती आहेत ते मोजून जात.

दक्षिणेकडे या यंत्राची पत आणखी मोठी. तिथं डाळ-तांदूळ दळायला दगडाचा फिरता ग्राइंडर वेगळा, त्याचं माहेर कोइम्बतूर, आणि मिक्सर वेगळा. एकानं दुसऱ्याच्या कामात तोंड घालायचं नाही. २०११ च्या विधानसभा निवडणुकीत तमिळनाडूत जयललितांच्या पक्षानं मिक्सर, ग्राइंडर आणि पंखा फुकट देण्याचं आश्वासन दिलं आणि निवडून आल्यावर ते वाटलेही. आपल्याकडे अजून कुणी पुरणयंत्राचं आश्वासन दिल्याचं ऐकिवात नाही.

मिक्सरची गोष्ट निघाली की घरातला कुणीतरी पाट्यावर येतोच. "पाट्यावरच्या चटणीची सर नाही." हे वाक्य म्हणणारा बहुधा पुरुष असतो, आणि पुरुष नसला तर जिच्या लहानपणी आजी वाटायची अशी नात असते. पाट्यापुढे उकिडवं बसून, सकाळीच दोन्ही वेळांचं वाटून, मनगटात कळा घेऊन उठलेली बाई हे वाक्य फारशी बोलत नाही. माझ्या सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा घरात बारा माणसं होती. पाट्याबद्दल त्या फक्त एवढंच सांगतात की टाकी लावणाऱ्या बाया दारावर यायच्या, "टाकी लावायची का टाकीऽऽ" म्हणून ओरडायच्या, छिन्नी-हातोडीनं पाट्याला पुन्हा खडबडीत करून द्यायच्या, आणि पुढचे दोन दिवस चटणीत कच लागायची. ती कच आठवणींतून मात्र सोयीस्करपणे गळून गेलेली असते.

तरीही पाट्याच्या बाजूनं खरं तेवढं सांगितलं पाहिजे. वरवंटा चिरडतो, पातं कापतं. लसणीचा झणझणीत वास सबंध पाकळीत तयार नसतो. पाकळी ठेचली, तिच्या पेशी फुटल्या की आतले दोन पदार्थ एकत्र येऊन तो तेव्हाच्या तेव्हा तयार होतो. जितकं चिरडाल तितका वास जास्त. शिवाय पाटा गार असतो. मिक्सरमध्ये पातं वेगानं घासत राहतं, भांडं कोमट होतं, आणि कोथिंबिरीची हिरवीगार चटणी थोड्या वेळात काळपट होऊ लागते. बर्फाचा एक खडा टाकला तर रंग टिकतो. हे बर्फाचं मला भाचीनं शिकवलं, आणि सासूबाईंनी ते मनापासून नाकारलं. आता त्या स्वतः टाकतात, माझी पाठ वळल्यावर.

ठेच्याच्या बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. ठेचा मिक्सरमध्ये होत नाही. मिरच्या आणि लसूण तव्यावर तेलात परतायच्या, त्यावर जाडं मीठ घालायचं आणि तव्यावरच तांब्याच्या बुडानं रगडायच्या. मिक्सरमधून जे निघतं ते मिरचीचं वाटण असतं, चवीला बरंही लागतं, पण त्याला ठेचा म्हणून पानात वाढणं ही फसवणूक आहे. पुरणाचंही तसंच. मिक्सरमध्ये पुरण वाटलं जातं, पण चिकट होतं, पोळी लाटताना सूड घेतं. पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढलेलं पुरण मोकळं राहतं. सोलापुरी शेंगदाण्याची चटणी उखळातच कुटावी, असं त्या भागातले लोक सांगतात, आणि ती बाजारातून विकत आणावी हे आम्ही त्याला जोडतो.

उरलेलं जवळपास सगळं मिक्सर करतो, आणि ते कसं करतो हे कळायचं तर चटणीच्या भांड्यापाशी उभं राहावं लागतं. मोठं भांडं दीडएक लिटरचं असतं. ते वर्षातून काही वेळा, आंब्याच्या दिवसांत वगैरे बाहेर येतं. मधलं रोजचं. पण घराचं खरं सूत्र त्या सगळ्यांत धाकट्या, ४०० मिलीच्या आसपासच्या भांड्याकडे असतं. तेच नेमकं दुकानात दोन भांड्यांच्या मागं, दिसेल न दिसेल असं ठेवलेलं असतं.

त्यात खोवलेला नारळ, मिरच्या, आलं, देठांसकट कोथिंबीर, मीठ आणि चिमूटभर साखर घाला. झाकणावर तळहात दाबा आणि बटण डावीकडे, झटक्याच्या खुणेवर, फिरवून सोडा. पहिल्या झटक्याला सगळं उसळून भांड्याच्या भिंतींना जाऊन चिकटतं, मध्ये पोकळी पडते, आणि आवाज एकदम चिरका होतो. म्हणजे पातं आता हवा वाटतंय. झाकण काढायचं, चमच्याच्या दांड्यानं भिंतीवरचं खाली लोटायचं आणि पाण्याचा हबका मारायचा. पाणी किती, हे कुणी सांगू शकत नाही. नळाखाली हात धरून बोटांवरून निथळेल तेवढं. पुन्हा दोन झटके. आता आवाज दबतो, जड होतो, कारण पात्याला ऐवज सापडलाय. मग तो हळूहळू मोकळा होत जातो, आणि झाकणातून पाहिलं तर मधोमध खळगा पडून चटणी स्वतःभोवती सावकाश वळू लागलेली दिसते. तिथं थांबायचं. ज्याला तिथं थांबता येतं त्याला ५०० वॅट पुरतात, आणि ज्याला येत नाही त्याच्या हाती कितीही वॅट दिले तरी हिरवं पाणीच निघतं.

मोठ्या भांड्यात हे होत नाही, कारण एवढासा ऐवज पात्याच्या तावडीतच येत नाही. म्हणून दुकानात धाकट्या भांड्यात डोकवावं आणि पातं तळापासून किती उंच आहे ते बघावं. फट जितकी कमी तितकी मिरची खाली लपून राहण्याची शक्यता कमी. काही भांड्यांच्या आतल्या भिंतीला उभ्या घड्या असतात. त्या शोभेच्या नाहीत, गरगर फिरणारा ऐवज त्यांवर आपटून पुन्हा पात्यावर पडावा यासाठी असतात. पात्याखाली जे उरतं ते बोटानं काढायचा मोह आवरावा. भांड्यात पाणी घालून एक फेरा मारावा आणि ते पाणी आमटीत ओतावं. आमच्याकडच्या आमटीला जी चव आहे ती बरीचशी अशा विसळण्यांची आहे.

दाण्याच्या कुटाला वेगळा हात लागतो. शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं. झटके देऊन, थांबत थांबत फिरवलं तर मोकळं कूट पडतं. बटण चालू ठेवून फोनवर बोलत राहिलं तर तेल सुटून बुडाशी गोळा बसतो. तोच गोळा बाटलीत भरून महागात विकतात आणि मुलं पावाला लावून खातात, हे खरं. पण एकादशीच्या सकाळी साबुदाणा भिजून तयार असताना ही माहिती कुणाला दिलासा देत नाही. उलट मालवण-गोव्याकडच्या वाटणाला थांबणं मंजूरच नाही. तिकडे खोबऱ्याचं वाटण गंधासारखं लागायला हवं, कणी लागली की वाढणाऱ्या बाईकडे बघतात. एकाच भिंतीच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन घरांना एकच मिक्सर चांगला कसा वाटेल? पण तारे देणारे सगळे मिळून एकाच मिक्सरला तारे देतात.

वॉरंटीचं सांगायचं राहिलं. मोटरला पाच वर्षं, बाकीच्याला दोन, अशी साधारण रीत आहे. म्हणजे जी सहसा जात नाही तिची हमी जास्त. जातं काय? कपलर. मोटर आणि भांडं यांना जोडणारं ते दातेरी चक्र. ते बहुधा प्लास्टिकचं किंवा रबराचं असतं आणि कच्चं असण्यातच त्याचं शहाणपण आहे: पातं अडकलं तर आधी ते तुटतं आणि मोटर वाचते. मग भांड्याच्या बुडातला बुश झिजतो आणि ओट्यावर काळसर पाणी गळू लागतं. झाकणाचा वायसर सैल होतो. कार्बन झिजले की जाळीतून निळ्या ठिणग्या दिसतात. या सगळ्या वस्तू कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्याच्या ड्रॉवरमध्ये असतात, किंवा नसतात. मिक्सर घेण्याआधी त्याच्याकडे जाऊन "या कंपनीचं भांडं आणि कपलर मिळतं का?" एवढं विचारावं. आमचा याआधीचा मिक्सर एका नामवंत कंपनीचा होता. मोटर अजून ठणठणीत आहे. चटणीच्या भांड्याचं पातं मोडलं तेव्हा कंपनीनं कळवलं की ते मॉडेल बंद झालंय, भांडं मिळणार नाही. तुळशीबागेतल्या एका गाळेवाल्यानं "कुठलंही बसवून देतो" म्हणून एक बसवून दिलं. ते बसतं, पण फिरताना आपल्या मताप्रमाणे थोडं डुलतं. आम्ही त्याच्यावर हात ठेवून उभे राहतो.

नणंद न्यू जर्सीला असते. तिच्या ओट्यावर फळं आणि बर्फ यांचा क्षणात चुरा करणारा उंच ब्लेंडर आहे, किमतीत आमचे चार मिक्सर येतील. त्यात ती कधी नारळाची चटणी करत नाही, कारण दोघांपुरती चटणी त्या उंच भांड्याच्या तळाशी जी जाते ती पुन्हा भेटत नाही. इथून मिक्सर न्यावा तर तिकडे वीज ११० व्होल्टची. आपला २३० व्होल्टचा मिक्सर तिथं लावला तर उपाशी माणसाच्या जोरानं जेमतेम गरगरतो. व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा तर तो मिक्सरइतकाच जड. आता तिकडच्या देशी दुकानांत ११० व्होल्टचे आपले मिक्सर मिळतात, ही फार मोठी सोय झाली. तरी गेल्या खेपेला तिनं इथून एक वस्तू मागवलीच: चटणीचं जादा भांडं. २३ किलोंच्या बॅगेत लाडू आणि भाजणी यांच्या मधे ते कोंबून दिलं. विमानतळावर बॅग उघडायला लावली नाही म्हणून बरं. पात्याचं स्पष्टीकरण देणं मला जमलं असतं, पण सोबतच्या मेतकुटाचं नसतं.

आवाजाबद्दल मी काही बोलत नाही. तक्त्यात त्याला रकाना होता आणि सगळ्या मिक्सरांपुढे "ठीक" असं लिहिलं होतं. मिक्सर चालू असताना घरात कुणी कुणाशी बोलत नाही, हा काही घरांमध्ये त्याचा मुख्य उपयोग आहे.

शेवटी आम्ही सगळे मिळून दुकानात गेलो. नवऱ्याकडे तक्त्याची छापील प्रत होती. दुकानदारानं ७५० चा काळा मिक्सर काढला, रिकामं भांडं चढवलं, बटण तीनवर नेलं, इस्त्र्या किणकिणल्या. मुलगा खूश झाला, रंग जमला होता. सासरे खोक्यावर कंपनीचा पत्ता वाचू लागले. तेवढ्यात सासूबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, मागचं धाकटं भांडं पुढं ओढलं, त्यात अर्धं पाणी ओतलं, झाकण दाबलं आणि ते काउंटरवर सरळ उलटं धरलं. दुकानदारानं पावतीपुस्तक झटकन उचलून घेतलं. एक थेंब गळला नाही. मग त्यांनी आत डोकावून पात्याखालची फट पाहिली, दांडीचे स्क्रू नखानं चाचपले आणि म्हणाल्या, "चालेल." नवऱ्यानं तक्ता घडी करून खिशात ठेवला. हा त्यातला तिसऱ्या क्रमांकाचा मिक्सर होता, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

"जुना असेल तर आणून द्या," दुकानदार म्हणाला, "एक्स्चेंजमध्ये चारशे कमी करतो."

नवऱ्याचा चेहरा उजळला. सासूबाईंनी विचारलं, "भांड्यांसकट, की नुसता?"

"भांड्यांसकट, मावशी."

"मग भांडी राहू दे आमच्याकडे. शंभर कमी कर आणि नुसती मोटर घेऊन जा."

दुकानदार हसला. "नुसत्या मोटरचं मी काय करू मावशी?"

"तेच मी महिनाभर घरात विचारतेय," सासूबाई म्हणाल्या आणि बाटलीचं झाकण लावू लागल्या.